टाकी भरलेली आहे

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, निदान वरून तरी. फोन करायचा तर दोन खोल्यांच्या घरात हे कायम चार हातांवर असतात, आणि माणसाच्या देखत त्याच्याचबद्दल कसं बोलायचं? शिवाय तू फोनवर आधी दहा मिनिटं तुझ्या गुडघ्याचं सांगतोस. पत्रात तो भाग मला गाळून वाचता येतो.

काम तुझ्या भाऊजींच्या कॉफीच्या मशीनचं आहे. परवा ते फुसफुसायला लागलं म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागचा पत्रा काढून बॉयलर दाखवला. आत अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर, आणि खरवडला तर नखाएवढ्या खपल्या निघत होत्या. म्हणाला, तुमचं पाणी फार जड आहे. या वेळी ॲसिडने धुऊन दिलं, पुढच्या वेळी कॉइल जळणार, आणि या मॉडेलचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. नवीन मशीन घ्या, म्हणाला.

नवीन घेता येत नाही, ते का, ते तुला सांगायला हवं. मागच्या महिन्यात पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. हा आजार एकेक पायरी खाली उतरतो, असं त्यांनी सांगितलं. डोक्यातलं आधी जातं, हातातलं सगळ्यांत शेवटी. म्हणून घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका आणि नवं काही शिकवायला जाऊ नका. सध्या हे दिवसातून तीनदा विचारतात की दुकानाला कुलूप लावलं का. वजनकाटे दुरुस्तीचं ते दुकान बंद करून सहा वर्षं झाली. शेजारच्या बाईंना ओळखत नाहीत. आंघोळ झाली की नाही हे मला विचारतात.

पण सकाळी सहाला उठून मशीनपाशी उभे राहिले की सगळं बिनचूक. छोट्या काट्यावर बिया मोजायच्या, अठरा ग्रॅम. अठरावर एक दशांश दिसला तर एक बी उचलून परत डब्यात. दळायच्या, दाबून बसवायच्या, दांडी फिरवायची, दाबाच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. घड्याळ न बघता तिसाव्या सेकंदाला बटण बंद. मग कप मला अंथरुणात आणून देतात, बशीत थेंब न सांडता. त्या दहा मिनिटांत मला माझा नवरा भेटतो. बाकी दिवसभर मी कोणाला तरी सांभाळत असते.

तर मशीन वाचवायचं आहे. तुझी चौतीस वर्षं पॉवरहाउसच्या बॉयलरला पाणी पाजण्यात गेली, बहिणीच्या बॉयलरसाठी जरा डोकं चालव. कुठला फिल्टर लावू ते सांग. सोबत औषधाच्या बाटलीत नळाचं पाणी पाठवते आहे. अट एकच. यांना नवं काही करावं लागता कामा नये.

वहिनीला आणि मुलींना आशीर्वाद. आठवण ठेव, ती मागून घ्यायची वेळ आणू नकोस.

तुझी ताई

*

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पाण्याची बाटली पोचली. तिच्यावर खोकल्याच्या औषधाचं लेबल तसंच होतं, त्यामुळे प्रयोगशाळेत माझी यथेच्छ चेष्टा झाली. तपासणी मी स्वतः केली. लिटरमागे क्षार चारशे दहा मिलिग्रॅम. असलं पाणी आमच्या बॉयलरमध्ये गेलं तर साहेब मला त्याच दिवशी नारळ देतील. त्या मशीनने इतकी वर्षं तग धरला, हेच आश्चर्य.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. भाऊजी दुकानात बसायचे तेव्हा भले भले व्यापारी त्यांच्यासमोर चळचळ कापायचे, ते आठवलं. पण तू खचून जाऊ नकोस. पाण्याचा प्रश्न आहे ना, मग तो माझ्यावर सोड.

घरगुती मशीनला फार मोठा खटाटोप लागत नाही. सगळ्यांत सोपी म्हणजे रेझिनची पुरचुंडी. चहाच्या पिशवीसारखी दिसते, मशीनच्या टाकीत टाकून ठेवायची, ती क्षार शोषून घेते. तेवढ्याने भागलं नाही तर फिल्टरचा जग आण. त्यात पाणी ओतायचं, खालून गळून आलेलं टाकीत भरायचं. आणि दोन्ही नको असतील तर कमी क्षाराचं बाटलीतलं पाणी. या क्रमाने करून बघ. पुरचुंडी आणि जग मी पार्सलने पाठवतो आहे.

गुडघा बराच आहे, हे एका ओळीत लिहिलं, म्हणजे गाळायला सोपं. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा
धाकटा

*

ता. २२ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तुझ्या तिन्ही उपायांचा निकाल कळवते.

पुरचुंडी टाकीत टाकली. सकाळी यांनी टाकी उचलली, आत काहीतरी पडलंय म्हणून पुरचुंडी काढली, धुतली, पिळली आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातली. मी गुपचूप परत टाकली. पुन्हा दोरीवर. चार दिवस आमचा हा खेळ चालला. पाचव्या दिवशी मला म्हणाले की घरात कोणीतरी पाण्यात कचरा टाकतंय, लक्ष ठेव.

जग ओट्यावर ठेवला. हा कोणाचा, म्हणून विचारलं. आपलाच, म्हटलं. मान हलवली, आणि दुपारी मी शिवणाच्या दुकानातलं काम आटपून आले तर जग शेजारच्या बाईंच्या दाराशी नेऊन ठेवलेला. दुसऱ्याची वस्तू घरात राहिलेली यांना कधी खपली नाही, हे तुला माहीत आहेच. बाईंनी तो परत आणून दिला, यांनी तो परत नेऊन ठेवला. आता त्याच तो वापरतात.

राहिलं बाटलीचं पाणी. संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी असा शहाणपणा मी केला. सकाळी यांनी टाकी उचलली आणि शिळं पाणी म्हणून मोरीत ओतली. मग नेहमीप्रमाणे नळ सोडला, हात लावून धार गार झालेली बघितली आणि टाकी भरली. बावीस वर्षं हेच करत आलेत. त्यांचं काय चुकलं?

तू औषध लिहून दिलंस, पण रोगी कोण आहे ते पाहिलं नाहीस. माझी अट तू वाचलीच नव्हतीस का? यांचा हात नळाकडे जातो. त्या नळातूनच वेगळं पाणी यायला हवं, आणि नळ दिसायला तोच हवा, तिथेच हवा.

मंगळवारी हे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे म्हणून गेले, आणि दीड तासाने एक अनोळखी गृहस्थ यांना घरी घेऊन आले. आपल्याच इमारतीच्या खाली उभे होते, म्हणे, वर कुठल्या मजल्यावर जायचं ते आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी मात्र नेहमीसारखी झाली. मी कप हातात घेऊन रडले. यांनी विचारलं, फार कडू झाली का.

लवकर लिही. मशीन पुन्हा कुरकुरायला लागलंय.

तुझी ताई

*

ता. २७ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

कान पकडतो. अट वाचली होती, पण पाण्याचा आकडा दिसला की मला पुढचं काही दिसत नाही. तुझी वहिनी हे लग्नापासून म्हणते आहे.

आता नीट विचार करून सांगतो. सिंकच्या खाली, कपाटाच्या आत, नळाच्या पाइपवरच यंत्र बसवायचं. वरून कोणाला काही कळणार नाही. नळ तोच, धार तीच, भाऊजींना काही करायचं नाही. यात दोन प्रकार मिळतात. एक साधं कार्ट्रिज, ते पाणी हलकं करतं, पण थोडा क्षार शिल्लक ठेवतं. दुसरं आरओ, ते पाण्यातला क्षार जवळजवळ सगळाच काढून टाकतं. आपण दुसरं घेऊ. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

आरओला तीन बाटल्या असतात. पहिली गाळ काढते, दुसरी क्षार काढते, आणि तिसरी म्हणे चवीसाठी थोडा क्षार परत घालते. आधी काढायचा आणि मग परत घालायचा, हा निव्वळ दुकानदारांचा धंदा. चौतीस वर्षं मी पाण्यातला कणन् कण काढण्यासाठी पगार घेतला, आणि माझ्याच बहिणीच्या घरी तो परत घालू? तिसरी बाटली नको. तुमच्या प्लंबरशी मी फोनवर बोललो आहे. तिसरी लावलीच पाहिजे, असं तोही घोळवत बसला होता. त्याला सांगितलं की माझ्या हाताखाली तुझ्यासारखे दहा जण आहेत. मग तयार झाला.

यंत्र माझ्याकडून. त्यावरून वाद घालायचा नाही. आता ते मशीन आपल्या सगळ्यांना पुरून उरेल, आणि भाऊजींच्या हातची कॉफी तुला मिळत राहील.

पोरींचे नमस्कार. असंच रागावत जा, त्याशिवाय मी सुधारत नाही.

तुझा
धाकटा

*

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

सोमवारी प्लंबर येऊन यंत्र बसवून गेला. मी यांना मुद्दाम फिरायला नेलं होतं. परत आल्यावर यांनी हात धुतले, पाणी प्यायले, आणि काही विचारलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही. केटलीत आता पांढरी साय येत नाही. भांडी पुसावी लागत नाहीत. तुझा आगाऊपणा या एका खेपेला माफ.

एक मात्र सांगायचं आहे. मंगळवारी कॉफी आणून दिली आणि स्वतःच्या कपातला घोट घेऊन हे थांबले. म्हणाले, कॉफीत कोणी नाहीये. मी हसले. पुन्हा म्हणाले, पोकळ लागतेय, पाणी बदललंय का? मी चक्क खोटं बोलले, नाही म्हटलं. बुधवारी त्यांनी बिया एकोणीस ग्रॅम घेतल्या. इतक्या वर्षांत अठराची एकोणीस झालेली मी पहिल्यांदा पाहिली. आज वीस. मला काही वेगळं कळत नाही, पण माझी जीभ कधी नव्हतीच. पाण्यात काही कमी-जास्त तर नाही ना झालं? विचारून ठेवते.

बाकी ठीक. दुकानात आल्टरेशनची कामं साचली आहेत, म्हणून पुढच्या आठवड्यात जरा लवकर निघावं लागेल.

सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुला थोडे जास्त.

तुझी ताई

*

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. पाण्यात काहीही कमी-जास्त नाही. इतकं स्वच्छ पाणी तुमच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाकडे नसेल. भाऊजींच्या जिभेवर आता किती भरवसा ठेवायचा, ताई? उद्या म्हणतील साखर खारट लागते. या आजारात चव जाते असं मीही कुठेतरी वाचलं आहे. तू होला हो म्हण आणि मनाला लावून घेऊ नकोस.

स्वतःच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दे. तुझी काळजी करणारं इथे कोणीतरी आहे, एवढं विसरू नकोस.

तुझा
धाकटा

*

ता. १५ फेब्रुवारी

प्रिय मेहुणे यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचे दुखणे आता कसे आहे? आपणांस पत्र लिहिण्याचा माझा रिवाज नाही, तेव्हा आश्चर्य वाटेल. हे पत्र तुमच्या ताईस न दाखवता लिहीत आहे. खालच्या इस्त्रीवाल्याजवळ पेटीत टाकण्यास देईन. आपणही ते आपल्यापाशीच ठेवावे.

आज सकाळी त्या लवकर कामावर गेल्या. त्यांना कॉफी देऊन धाडावे म्हणून मी मशीन सुरू केले. लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे टाकीत पाणी नाही. मी टाकी पाहिली. ती भरलेली होती. ओतून टाकली व पुन्हा भरली. दिवा तसाच. त्या उशीर होतो म्हणून तशाच गेल्या. त्यानंतर मी किती वेळा टाकी भरली याची गणना मला सांगता येणार नाही. खाली पाणीच पाणी झाले होते. टाकी भरलेली आहे असे मला प्रत्येक वेळी दिसत होते, व मशीन म्हणत होते की नाही.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. डोळा एक म्हणतो व काटा दुसरे म्हणतो, तेव्हा काट्याचे ऐकावे. डोळ्याला पोत्याची दया येते, काट्याला येत नाही. आयुष्यभर मी हेच शिकवले. तेव्हा आज मी मशीनचे ऐकले. टाकी रिकामी असणार, आणि मला ती भरलेली दिसते आहे. आजवर मी गोष्टी विसरत होतो, ते मला ठाऊक आहे. तुमच्या ताई लपवतात, पण मला कळते. नसलेले दिसू लागणे मात्र निराळे. अशा माणसाने गॅसपाशी जाऊ नये. अशा माणसाने घरात एकट्याने राहू नये.

मशीनवर मी कापड घातले आहे. घराची किल्ली त्यांच्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या जागा असतात असे ऐकतो. आपला परिचय मोठा आहे, एखादी चौकशी करून ठेवावी. त्यांना विचारले तर त्या नाही म्हणतील व अंगावर काढतील. त्यांची पाठ अलीकडे फार दुखते. मी त्यांना सकाळी एक कप कॉफी देत असे, तेवढाच माझा उपयोग होता.

त्रास देतो याबद्दल राग नसावा. तुमच्या गुडघ्याचे दुखणे आता कसे आहे?

आपला स्नेहाकांक्षी

*

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

काल फोनवर तू नुसतं हो-नाही करत होतीस, तेव्हा ते समोरच बसले असणार हे कळलं. म्हणून लिहितो. भाऊजींनी मला पत्र पाठवलं आहे. तुला दाखवू नये असं त्यात लिहिलं आहे, तरी दाखवतो आहे. सोबत ठेवलंय. बसून वाच.

मशीन मी बंद पाडलं, ताई. त्याच्या टाकीत दोन पिना असतात. पाण्यातून एका पिनेकडून दुसरीकडे किंचित वीज गेली की मशीनला कळतं, पाणी आहे. वीज वाहून नेतो तो क्षार, आणि तो मी सगळा काढून टाकला. टाकीच्या तळाला जुना थर होता तोवर ते कसंबसं चाललं. तो धुऊन निघाला तशी मशीनला टाकी रिकामी वाटायला लागली. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. आमच्या पॉवरहाउसात पाण्यातून किती वीज वाहते यावरून क्षार मोजणारं मीटर रोज माझ्या नजरेखालून जातं, पण मी तुमच्या स्वयंपाकघराला पॉवरहाउस समजलो. प्लंबर सांगत होता, त्याला मी झापलं. भाऊजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं की पाणी बदललंय. घरात सगळ्यांत बरोबर तेच होते, आणि मी तुला लिहिलं की त्यांच्या जिभेवर भरवसा ठेवू नकोस. ते वाक्य आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

प्लंबरची माफी मागितली आहे. तो शुक्रवारी येऊन आरओ काढेल आणि साधं कार्ट्रिज लावेल. त्याने क्षार नव्वदच्या आसपास राहील, मशीनला तेवढा चालतो. भाऊजींना वेगळं पत्र आत ठेवतो आहे. ते तू त्यांना वाचून दाखव.

क्षमा मागायला तोंड नाही. तरी दार बंद करू नकोस.

तुझा
धाकटा

*

ता. १९ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. टाकी भरलेली होती. आपल्याला जे दिसलं तेच खरं होतं. आपला डोळा चुकला नाही. काटा चुकला, आणि काटा मी बिघडवला. मी आपल्या नळाचं पाणी आपल्याला न विचारता बदललं. त्या पाण्यात क्षार नव्हता, आणि क्षाराशिवाय वीज वाहत नाही, आणि वीज वाहिली नाही तर मशीनला पाणी कळत नाही. आपण कॉफी पोकळ लागते म्हणालात तेही खरं होतं. आम्ही दोघांनी आपल्याला खोटं ठरवलं.

कुठल्याही जागेची चौकशी मी करणार नाही. आपली जागा घरात आहे. किल्ली डब्यातून काढून घ्यावी. मशीन दुरुस्त होत आहे, आणि ते आपलीच वाट बघतं आहे.

आपला अपराधी,
मेहुणा

*

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

दोन आठवडे तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते तुला जन्मभर पुरलं असतं. यांचं पत्र वाचून मी शिवणाचा डबा उघडला. किल्ली रिळांच्या खाली होती, चिंधीत गुंडाळलेली. तुझा इतका राग आला होता की तुझी दोन्ही पत्रं मी तीन दिवस कपाटात कोंडून ठेवली. मग माझाही राग आला. खोटं तर मीही बोलले होते, आणि तेही तोंडावर.

प्लंबरने कार्ट्रिज लावलं. मशीन चालतं, मी स्वतः सुरू करून बघितलं. माझी कॉफी भयंकर झाली, ते असो. पण हे त्याच्याजवळ जाईनात. स्वयंपाकघरात येताना भिंतीच्या कडेने येत. कापड मी काढलं की पुन्हा घालत. त्या सकाळी काय झालं ते विचारलं, तर आठवत नाही म्हणाले. खरंच आठवत नाही, धाकट्या. लाल दिवा, सांडलेलं पाणी, तुला लिहिलेलं पत्र, सगळं पुसलं गेलंय. उरलंय ते एवढंच की ते मशीन आपलं नाही आणि आपण त्याला हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, घडलेलं जातं, त्या वेळी वाटलेलं राहतं.

मग तुझं पत्र काढलं आणि यांना समोर बसवून वाचलं. टाकी भरलेली होती, इथे आल्यावर यांनी हात वर करून थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. खांदे कसे खाली आले ते मी पाहिलं. चांगले हसले, आणि काटा बिघडवणाऱ्याचं लायसन जप्त केलं पाहिजे म्हणाले. उठून मशीन सुरू केलं, बिया मोजल्या, अठरा ग्रॅम, आणि कप आणून माझ्या हातात दिला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भिंतीच्या कडेने. पत्र आठवत नव्हतं. पुन्हा वाचलं, पुन्हा खांदे खाली आले. तेव्हापासून रोज सहाला तुझं पत्र वाचते. यांना ते रोज नवं असतं. गेल्या अकरा सकाळींपैकी चार दिवस कॉफी झाली. बाकीचे दिवस हे शांतपणे ऐकतात, पत्र पाठवल्याबद्दल त्या गृहस्थांचे आभार मान म्हणतात, आणि बसून राहतात. काल विचारलं, हे गृहस्थ कोण? माझा भाऊ, म्हटलं. सज्जन दिसतात, म्हणाले. चाराचे तीन होतील, तिनाचे दोन होतील, ते मला कळतं. मला समजावायला येऊ नकोस.

पण आता एक अडचण आली आहे. मी वाचायला लागले की हे कागद मागून घेतात आणि आधी वरची तारीख बघतात. माणूस काट्यावरचा आकडा बघणारा. म्हणतात, हे एकोणीस तारखेचं आहे, त्या दिवशीचं झालं, आजचं काय? शिवाय विजेचं आणि क्षाराचं आलं की मध्येच हरवतात, आणि घडीवर कागद फाटत आलाय.

म्हणून तू ते पत्र पुन्हा लिही. जाड कागदावर, ठळक अक्षरात. विजेचं गाळ. अपराधी वगैरे सही नको, त्याने हे अस्वस्थ होतात. पाच-सहा प्रती कर, एकीसारखी दुसरी. आणि कुठल्याही प्रतीवर तारीख घालू नकोस.

माझं मन तुझ्याकडून अजून पुरतं साफ झालेलं नाही. होईल. तोवर आशीर्वाद घे.

तुझी ताई

*

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि.

मी आपला मेहुणा, आपल्या पत्नीचा धाकटा भाऊ.

मशीन बंद पडलं त्यात आपली काही चूक नव्हती. टाकी भरलेली होती. आपल्याला ती भरलेली दिसली, कारण ती भरलेली होती. आपली नजर बरोबर आहे, आपला हात बरोबर आहे. मशीन बिघडलं होतं, ते मी बिघडवलं होतं, आणि आता ते दुरुस्त झालं आहे.

आज सकाळी आपण नेहमीसारखी कॉफी करावी. अठरा ग्रॅम. मशीन एव्हाना तापलं असेल, आणि ताई कपाची वाट पाहत बसली आहे.

आपला
मेहुणा